दिलावरची बेचकी

ये की जवळ. उंबऱ्यात काय उभं राहायचं परक्यासारखं? महिना महिना तोंड दाखवायचं नाही, आणि आलं की घड्याळाकडं बघायचं, ही कुठली रीत म्हणायची? बस. चहा टाकलाय. तो उकळेस्तोवर शेजारच्या दिलावरची गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे तो आला की दचकायला नको.

दचकायचं कारण एवढंच की तो दारातनं सरळ कधी येत नाही. आडवा येतो. आधी उजवा खांदा, मग पोट, मग डावा खांदा, खेकड्यासारखा. हात रिकामे असले तरी तसाच. दवाखान्यात तसाच गेला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याची कंबर तपासली, मग घसा. कंबर ठणठणीत आहे. गेली पंचवीस वर्षं पाठीवर ती गिटार आहे, त्यामुळं अंगाला वळणच तसं पडलं.

गिटार म्हणजे साधी, बाईच्या कमरेसारखी नव्हे. विजेवरची, लालभडक, आणि आकार इंग्रजी व्हीचा. दोन टोकदार शिंगं आणि मध्ये खाच. पोरं चिमण्यांवर खडे मारतात ती बेचकी माणसाएवढी केली तर कशी दिसेल, तशी. म्हणून गल्लीत तिचं नावच बेचकी. दिवसा दिलावर विहिरीच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी बांधून देतो, नवी तार भरतो. लग्नसराईत संध्याकाळी वरातीच्या बॅन्डमध्ये बेचकी वाजवतो.

तिच्याबद्दल कुणी विचारायचा अवकाश, की हा सांगायला बसतो. "दोनी बाजू बघाय पायजेत, आक्का," हे त्याचं पालुपद. तोटे आधी सांगतो, माणूस प्रामाणिक आहे. बसून वाजवायला गेलं की ती मांडीवरनं घसरून जमिनीवर येते, एक शिंग मांड्यांत दाबून धरावं लागतं. भिंतीला टेकवली की पडते. मुंडकं जड, त्यामुळं पट्ट्यानं त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली गेलाय. बाजारातली कुठलीच पिशवी तिला बसत नाही. मग त्यानं वाढदिवसाच्या जुन्या फलकाची पिशवी शिवून घेतली. तिच्यावर कुण्या पुढाऱ्याचा अर्धाच चेहरा आलाय, तोही हसरा. यष्टीत कंडक्टर विचारतात, नांगर कुठं नेताय म्हणून.

मग फायदे. वरच्या सुरांच्या पट्ट्यांपर्यंत बोटं बिनअडथळा पोचतात. वरातीच्या गर्दीत शिंगं बघून माणसं आपोआप बाजूला होतात. उसनी कुणी मागत नाही. आणि चोरीला जात नाही. एकदा जयसिंगपूरच्या स्टँडवर एकानं उचलली होती, पण घाईत सरळ चढायला गेला आणि यष्टीच्या दारात शिंगांसकट अडकला. दिलावरनं त्याला आधी आडवं चढायचं कसं ते दाखवलं, मग गिटार काढून घेतली.

आता मुख्य गोष्ट. दिलावरला एकच पोरगी, रुबीना. दीड वर्षाची होती तेव्हा आई गेली. यानं दुसरं लग्न केलं नाही. पोरगी डी.एड. झाली, गुणाची, कामाला वाघीण. तिला हातकणंगल्याचं एक स्थळ आलं होतं, सगळं पसंत पडलं होतं. त्या लोकांनी भिंतीवरची बेचकी बघितली, चहा अर्धा ठेवला आणि उठले. वरातीत नाचणाऱ्यांच्या पुढं वाजवणारा व्याही त्यांना नको होता. त्या दिवसापासून दिलावर तीन महिने कुणाच्या वरातीला गेला नाही. आठवडाभर त्या घरात रुबीनानं भांडी आपटल्याचाच आवाज यायचा.

मग गडहिंग्लजचं स्थळ निघालं. उसाची शेती, मुलगा बँकेत, माणसं साधी. मध्यस्थानं बजावून सांगितलं होतं की बाप मोटारी बांधतो एवढंच बोलायचं, त्या शिंगाचं नाव काढायचं नाही. हेही मोडलं तर तिसऱ्याला मी येणार नाही, असंही म्हणाला. पाहुणे यायचे होते खंडेनवमीला, सुट्टी म्हणून. अकरा वाजता म्हणाले होते, आणि साडेनवालाच स्टँडवरनं फोन आला की उतरलोय, रिक्षात बसतोय.

दिलावरच्या तोंडचं पाणी पळालं. बेचकी कपाटात घातली तर दार लागेना. कॉटखाली मोटारींचे सांगाडे. पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवली तर तो पुढारी पाहुण्यांकडं बघून हसणार. शेवटी तो ती कडेवर घेऊन माझ्या दारात आला, आडवाच, आणि म्हणाला, "आक्का, कुठंबी घाल, पर आज ही दिसाय नको."

माझी पूजा मांडायची चालली होती. तुला ठाऊक आहे, खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, ज्याच्या जिवावर पोट चालतं ते. पाटावर कोयता होता, विळी होती, माझं शिलाई मशीन होतं. मी म्हटलं, हेही हत्यारच की. ठेवली मशीनला टेकवून, वर झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. तारांवर कुंकू सांडू नको, एवढं तो जाताजाता दोनदा म्हणाला. ते सांडलं ते सांडलंच. पण माझी खरी चूक ती नव्हे. पूजेत मांडलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय हलवता येत नाही, हे मला ती मांडून झाल्यावर आठवलं. आणि दुसरं त्याहून वाईट आठवलं. मुलगी बघायला आलेली माणसं चौकशी करतात ती शेजारी.

तसंच झालं. पंधरा मिनिटांत मुलाची आई माझ्या उंबऱ्यात. हमीदाबी नाव, डोळे मोठे तेज. पाणी मागायचं निमित्त केलं. पोरगी स्वभावाला कशी, बाप कसा, पितो का, सगळं विचारलं. मी खरं तेच सांगत होते, म्हणून बरं चाललं होतं. तेवढ्यात तिची नजर पाटावर गेली. माळा होत्या, पण शिंगं का झाकली जातात?

"ही काय वो लाल?" तिनं विचारलं.

बघ, सत्तर वर्षांत मी खोटं बोलले नाही असं नाही, पण शिकले कधी नाही. तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, ऊस तोडायचं नवं यंत्र आहे, नातवानं आणलंय.

ऊसवाल्यांना सांगितलं मी हे. ती दारात गेली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली, अवो, जरा इकडं या, नवं यंत्र आलंय म्हणं. तो गृहस्थ चपला काढून आत आला आणि पाटापुढं मांडी घालूनच बसला. चाळीस वर्षं उसात काढलेला माणूस. पातं कुठं, धरायचं कुठून, बुडख्यातनं तोडतंय का शेंड्यातनं, दिवसाला किती सरी होतात. मी म्हणत होते, नातवाला विचारते. पूजेला हात लावू नका म्हणून तेवढं अडवत होते. तो मान वाकडी करून खालनं बघायला लागला, आणि त्याला तारा दिसल्या.

त्याच वेळी दिलावर चहाचा ट्रे घेऊन आला. मागं दारात रुबीना, डोक्यावर ओढणी. दिलावर सवयीनं आडवा आत शिरला, कपबशा खणखणल्या.

"बरं झालं आलासा," मुलाचा बाप म्हणाला. "मिस्त्री, तुमी मोटारी बांधणारं. सांगा बरं, ह्याची मोटर कुठं बसती?"

मी दिलावरकडं बघितलं. डोळ्यांनी सांगत होते, बोल काहीतरी, मागं हाय म्हण, काढून ठेवलीया म्हण. एक खोटा शब्द आणि पोरीचं लग्न पक्कं. त्याला ते कळत होतं. रुबीनाही बापाकडंच बघत होती. दिलावरनं ट्रे मशीनवर ठेवला. कप हलायचे थांबेपर्यंत तो धरून उभा राहिला.

"मोटर न्हाई त्याला," तो म्हणाला. "गिटार हाय ती. माझी. वरातीत वाजवतो मी."

बाहेर कुणाच्या तरी गाडीला झेंडूची माळ बांधताना दोघं भांडत होते, तेवढाच आवाज. मुलाच्या बापानं बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी कोयत्याकडं बघत बसले.

मग तो गृहस्थ सावकाश म्हणाला, असल्या आकाराची का घेतली? त्याला काय माहीत, काय विचारलं ते. दिलावरचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तोंड सुरू झालं. घसरते, पडते, खांदा उतरतो, पिशवी मिळत नाही. सगळे तोटे सांगितले, एक लपवला नाही. फायद्यांवर आला तेव्हा आवाज बारीक झाला आणि यष्टीतल्या चोरावर येऊन बंदच पडला. कुणी हसलं नाही.

हमीदाबी वाकून बघत होती. तिनं विचारलं, सगळा रंग झकपक आहे, मग ह्या खाचेतलाच का गेलाय? तिथं खरंच लाकूड उघडं पडलं होतं, हात फिरून फिरून पडतं तसं गुळगुळीत. इतकी वर्षं मी ती गिटार बघते, कधी ध्यानात आलं नव्हतं.

दिलावरनं मान वळवून रुबीनाकडं बघितलं. म्हणाला, "तितं ही बसायची."

आणि थांबून थांबून सांगितलं. बायको गेल्यावर घरात तालीम करायची तर पोरगी खाली राहायची नाही, रडून लाल व्हायची. दुसरी गिटार सगळी मांडी अडवते. हिला मध्ये जागा होती. एक शिंग मांडीत दाबायचं, पोरीला खाचेत बसवायचं, दोन्ही हातांनी ती कडा धरायची आणि हा वाजवायचा. तशीच झोपायची. चार वर्षांची होईस्तोवर. हा फायदा त्यानं आजवर एकदाही मोजला नव्हता.

हमीदाबीनं झेंडू जरा बाजूला सारले. पूजा होती, पण मी अडवलं नाही. तिनं त्या खाचेत आपला पंजा पसरून बघितला. जेमतेम वीतभर जागा.

"किती बारकी असंल तवा," ती म्हणाली.

मग ओढणीचं टोक डोळ्यांना लावून तिनं रुबीनाला हाक मारली, ये बाळ, माझ्याजवळ बस. नवऱ्याला म्हणाली, चहा घ्या, गार होतोय. जाताना माझ्या कानाशी लागली, की तुमचं यंत्र तुमच्या पूजेतच राहू द्या, आमचा ऊस आम्ही कोयत्यानं तोडतो. आजही भेटली की तोच टोमणा मारते.

लग्न झालं. मुलाच्या बापानंच हट्टानं दिलावरला बेचकी वाजवायला उभं केलं. यानं अर्धं गाणं वाजवलं आणि थांबला, म्हणाला तार तुटली. मी शेजारीच होते. सहाच्या सहा तारा जागेवर होत्या.

आता रोज संध्याकाळी सात वाजता तो गडहिंग्लजला फोन लावतो, समोर तांब्याला टेकवून ठेवतो आणि वाजवायला बसतो. पोरगी तरी किती वेळ ऐकणार, तिला भाकऱ्या असतात. दोन मिनिटांनी म्हणते, अब्बा, ठेवते. हा म्हणतो, व्हय, ठेव. ती ठेवते, पडदा काळा होतो, आणि हा त्या फोनकडं बघत पुढं वाजवतच राहतो. माझ्या खिडकीतनं दिसतं. मी त्याला सांगितलेलं नाही.

घे, चहा झाला. आणि पुढच्या वेळेला महिना लावू नको. रविवारी ये, सातच्या आत ये, आणि आल्या आल्या त्याला विचार, की दिलावरभाऊ, ह्या गिटारीचे तोटे काय काय आहेत.