विष्णुपंतांचे घर आणि सतरा लायक उमेदवार

मरणाचे भय वाटू लागले की माणूस आधी घर शोधतो, हे सत्य शास्त्रकारांनी कुठे लिहून ठेवलेले नाही, कारण त्यांना घरे होती. १९४२ च्या उन्हाळ्यात मात्र नगर शहरात ते रोज सिद्ध होत होते. जपानी विमाने मुंबईवर येणार अशी वार्ता पसरली, आणि मुंबईकरांनी नकाशा पाहून असा निष्कर्ष काढला की जपान्यांना नगर माहीत नसावे. (निष्कर्ष बरोबर होता. तोवर ते मुंबईकरांनाही माहीत नव्हते.) पंधरवड्यात गावातल्या रिकाम्या खोल्या एकोणीस आणि त्या मागणारी कुटुंबे चारशेबारा असे प्रमाण पडले. हे आकडे नृसिंह खरवंडीकर मास्तरांनी पायी हिंडून गोळा केले. त्यांना आकड्यांची हौस होती असे नाही. चारशेबारावे कुटुंब त्यांचे होते.

मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवत. त्यांची बायको प्रेमला सहा वर्षे एका भाड्याच्या खोलीत संसार करीत होती, आणि तो संसार घरमालकीण रतनबाई यांच्या नियमांवर चालला होता. नियम चांगले होते. दुपारी बारानंतर मिरची कुटू नये, कारण मालकांना शिंका येतात. सकाळी नऊच्या आत कुटू नये, कारण मालक पूजेत असतात. नऊ ते बारा कुटण्यास काहीच हरकत नव्हती, पण त्या वेळात उखळ रतनबाईंना लागे. प्रेमलाने सहा वर्षे तिखट विकत आणले आणि तक्रार केली नाही. चैत्रात रतनबाईंचे मुंबईचे मावसभाऊ कुटुंबासह आणि विजेच्या दोन पंख्यांसह येऊन दाखल झाले. (वाड्यात वीज नव्हती.) खरवंडीकरांनी वैशाखअखेर खोली सोडावी, असे त्यांना अत्यंत मायेने सांगण्यात आले.

प्रेमला नवऱ्याला म्हणाली, "आता भाड्याची नको. दोनच भिंती असल्या तरी चालतील, पण आपल्या."

दोन भिंतींवर छप्पर राहत नाही, असे मास्तरांनी समजावून सांगितले. तिने हातातल्या पाटल्या उतरवून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. याला भूगोलात उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात विष्णुपंतांनी घर विकायला काढले. विष्णुपंत हे कचेरीतले निवृत्त दप्तरदार. पत्नी जाऊन आठ वर्षे झालेली, एकुलती मुलगी देवळाली प्रवरेस दिलेली. आता आपण मुलीकडे जाऊन राहणार, असे त्यांनी गल्लीत जाहीर केले होते. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटी, मागे न्हाणी, आणि शेजाऱ्याशी सामाईक विहिरीचा अर्धा हिस्सा. पैसा गौण आहे, घर लायक माणसाच्या हाती पडले पाहिजे, असे विष्णुपंत म्हणत. किंमत त्यांनी दीडपट सांगितली होती ती केवळ हौशेगवशे गळावेत म्हणून. गळले कोणीच नाही. सतरा उमेदवार उभे राहिले. मग लायकी ठरवण्यासाठी विष्णुपंतांनी जी पद्धत घालून दिली, ती पाहता सरकारने लढाईचे काम त्यांच्याकडे का सोपवले नाही, याचे नवल वाटते.

अर्ज तीन प्रतींत करावा. पाहणी दर बुधवारी आणि शनिवारी चार ते सहा या वेळात, नवराबायकोने जोडीने येऊन करावी. भिंतींवर टिचक्या मारू नयेत. चहा देण्यात येईल, तो नाकारू नये. सोबत वर्तणुकीचा दाखला, आणि 'हे घर मला का हवे' या विषयावर शंभर शब्दांत निबंध.

उमेदवार पाहता पाहता तयार झाले. मुंबईच्या एका सूतव्यापाऱ्याने निबंध वकिलाकडून लिहून घेतला. वकील स्वतःही उमेदवार असल्यामुळे त्याने तो मन लावून वाईट लिहिला. एका सराफाने दाखला आणला तो स्वतःच्या सासऱ्याचा, म्हणजे त्याहून कडक दाखला मिळणे नाही. एका पेन्शनरांनी न्हाणीला 'हवेशीर' असे म्हटले. न्हाणीला छप्पर नव्हते. त्या घराचे सतराजणांनी मिळून गायलेले गुण घराने ऐकले असते, तर ते विकले जायला तयार झाले नसते.

खरवंडीकर मास्तरांचा निबंध तिसऱ्या शनिवारी परत आला. लाल शाईने तपासलेला, पंचविसांपैकी अकरा गुण, आणि खाली शेरा: 'विषयांतर फार.' चौदा वर्षे दुसऱ्यांना गुण देत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच गुण मिळाले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. प्रेमलाने निबंध वाचून पाहिला. अकरा जास्तच होते, पण ती तसे बोलली नाही.

वैशाख सरत आला. मावसभावांचे सामान खरवंडीकरांच्या दाराबाहेर रचून झाले होते. केडगावची गोजरबाई दोन्हीकडे दूध घालत असे, रतनबाईंच्या वाड्यात आणि विष्णुपंतांकडेही. एका सकाळी दूध मापून घेताना प्रेमलाने तिला विचारले, पंतांचा विचार कुणाला घर द्यायचा दिसतो?

"मास्तरीनबाई, त्यो म्हातारा घर इकायचा न्हाई," गोजरबाई म्हणाली. "आदी पावशेर दूध घ्यायचा. आता बुधवारी आन् शनवारी दोन शेर घेतो, च्यासाटी. आदल्या दिशीच कपबश्या धुऊन ठिवतो. लई खुशीत हाय."

प्रेमला भांडे हातात घेऊन उभी राहिली. मग दूध तापवायचे तसेच ठेवून ती एकटीच विष्णुपंतांकडे गेली. वार मंगळवार होता, म्हणजे नियमभंग वारापासूनच झाला.

विष्णुपंत ओटीवर फडक्याने बश्या पुसत होते. आज पाहणी नाही, असे त्यांनी बजावले. पाहायला आले नाही, पाहिले आहे, असे म्हणून ती बसली. मग तिने सगळे सांगितले. पूर्वेच्या भिंतीवर ओघळ आहेत, म्हणजे तिथे गळते. आतल्या खोलीच्या भिंतींना लोणा लागून पोपडे सुटले आहेत. विहिरीत पाणी आहे ते शेजाऱ्याच्या बाजूला. या हिश्शात गाळ आहे.

विष्णुपंत रागावतील अशी तिची तयारी होती. ते बशी पुसत राहिले. गळते तिथे मी बादली ठेवतो, इतकेच म्हणाले.

"काका," प्रेमला म्हणाली, "आपल्याला देवळालीला जायचं नाहीये ना?"

विष्णुपंतांनी फडके बाजूला ठेवले. बशी कोरडी होऊन केव्हाची चकाकत होती.

"मुलीनं बोलावलेलंच नाही," विष्णुपंत म्हणाले. "दोन पत्रं टाकली. घर विकतोय म्हटल्यावर तरी बोलावील, असं वाटलं. मग ही माणसं यायला लागली."

"घर आम्हाला द्या. पुढची खोली आपण ठेवा. चहा मी करीन."

तसा अर्ज करावा लागेल, असे विष्णुपंतांनी सांगितले, पण आवाज दप्तरदाराचा राहिला नव्हता. प्रेमलाने तिथेच बसून अर्ज लिहिला, एकाच प्रतीत. त्यांनी त्यातली एक वेलांटी सुधारली आणि अर्ज मंजूर केला.

पाऊस येण्यापूर्वी खरेदीखत झाले. नव्या व्यवस्थेची प्रगती अशी: पूर्वी खरवंडीकरांकडे एक खोली होती, आताही एकच राहिली, पूर्वी ते भाडेकरू होते, आता त्यांना भाडेकरू होता. या भाडेकरूने पहिल्याच दिवशी मालकांनी पाळावयाचे अकरा नियम सुवाच्य अक्षरात लिहून दिले. प्रेमलाने ते देवाजवळ ठेवले, उखळ ओढले आणि सकाळपासून उन्हे कलेपर्यंत चार शेर मिरची कुटली. मास्तर शिंकले, विष्णुपंत शिंकले, शेजारची दोन घरे शिंकली. प्रेमलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते मिरचीमुळे असावे, अशी नोंद विष्णुपंतांनी केली.

विमाने आली नाहीत. दिवाळीपर्यंत मुंबईकर, पंख्यांसह, परत गेले. खोल्या ओस पडल्या, घरांचे भाव उतरले, आणि खरवंडीकर मास्तर फसले यावर गावाचे एकमत झाले. हे एकमत समक्ष कळवायला माणसे येऊ लागली. विष्णुपंतांनी त्यांना बुधवार आणि शनिवार नेमून दिले. लोक चहा घेत, हळहळत, ओघळांकडे बघून मान हलवीत, आणि निघताना चपला घालता घालता मास्तरांना बाजूला घेऊन हळूच सांगत, कधी काढायचे झाले तर आधी आमच्या कानावर घाला.

घर विकाऊ नाही. या हकिगतीत त्या गल्लीचे नाव कुठेही आलेले नाही, हे ज्या वाचकांच्या मघाशीच ध्यानात आले, ते अठरावे उमेदवार आहेत हे आम्ही ओळखले आहे.