गाडी दिसेनाशी होईपर्यंत

तोमेजी कुरोसाकी नव्या गाडीत बसले, पट्टा लावला आणि बाहेर शोरूमची सहा माणसं कमरेत वाकली, तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गिऱ्हाईक नवी गाडी घेऊन निघालं, की ती दिसेनाशी होईपर्यंत मान वर करायची नाही, ही रीत. फाटकाबाहेर लगेच डावं वळण असल्यामुळे एरवी हे काम वीस-बावीस सेकंदांत आटपायचं.

गाडी हलेना.

आवाज येत नाही याचं तोमेजींना काही वाटलं नाही. चौदा वर्षं त्यांनी हायब्रिडच चालवली होती, आणि आज तीच एक्स्चेंजमध्ये देऊन तिची नवी धाकटी बहीण घेतली होती. पण जुन्या गाडीत डाव्या पायाखाली पार्किंग ब्रेकचं एक छोटं पेडल होतं. ते दाबलं की गाडी सुटायची. नवीत त्या जागी नुसतीच चटई होती. अंधारात चप्पल शोधावी तसा तोमेजींचा पाय ती चाचपत राहिला.

"निघा की," शेजारून त्यांची बायको फुमिए चेहऱ्यावरचं हसू न हलवता म्हणाली.

"निघतोय. ब्रेक शोधतोय."

"अहो, निशिवाकींनी दोन तास सगळं समजावलं ना? तुम्ही 'अच्छा, अच्छा' म्हणत होतात."

"तूही म्हणत होतीस."

"तुम्हाला कळतंय म्हणून मी म्हणत होते. पुस्तकात बघा."

"पुस्तक डिकीत आहे."

"मग डिकी उघडा."

"ती कशी उघडायची, ते पुस्तकात असेल."

काच खाली करून विचारायला काय हरकत होती? हरकत होती. विचारलं असतं, तर सेल्समन निशिवाकींना धड समजावता येत नाही, असं त्यांच्या मॅनेजरदेखत सिद्ध झालं असतं. आणि दुसरी हरकत नागोयाला राहत होती. लेक चिआकी. वडील शहात्तरचे झाले, आता लायसन परत करा, म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी तह झाला होता, की स्वतःहून थांबणारी नवी गाडी घ्यायची, आणि ती चालवायला जमली नाही तर त्याच दिवशी लायसन पोलिसांत जमा. निशिवाकींचा नंबर तिनं मुद्दाम मागून घेतला होता. लायसन गेलं, की भातशेतांच्या मधोमध असलेल्या घरातून बाजारात जायला दिवसाला चार बस, त्यातली एक शाळेची.

तोमेजींनी एक बटण दाबलं. मागच्या दोन्ही काचा खाली गेल्या. दुसरं दाबलं. गाडी बाईच्या आवाजात अदबीनं म्हणाली, "टोलचं कार्ड घातलेलं नाही."

"घालते हं," फुमिए सवयीनं म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी थबकली. काळी गाडी, काळ्या सुटातली सहा माणसं, खाली घातलेल्या माना. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि उघड्या काचेशी येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"अजून कोणी नाही," फुमिए म्हणाली. "प्रयत्न चाललाय."

तोमेजींनी घाईघाईनं तिसरं बटण दाबलं. त्यांची सीट संथपणे मागे कलू लागली.

"कुठं निघालात?"

"मला काय माहीत!" तोमेजी आडवे होता होता म्हणाले.

बाहेर मॅनेजरांनी वाकल्या वाकल्या कुजबुजत विचारलं, "काय निशिवाकी, दिसेनासे झाले का?"

"साहेब दिसत नाहीत," निशिवाकी म्हणाले. "गाडी दिसतेय."

मॅनेजरांनी क्षणभर विचार केला. "गाडीचंच धरतात."

छताकडे बघत तोमेजींनी हे ऐकलं. कोपऱ्यात त्यांची जुनी गाडी उभी होती. फुमिएनं तीन दिवस घासून ती इतकी चकचकीत केली होती, की देताना दोघांनाही पश्चात्ताप झाला होता.

"ती घेऊन जाऊ या का?" फुमिएनं विचारलं.

"ती विकली आपण. चोरी होईल." तोमेजींनी पट्टा सोडला. "फुमिए, दार उघड. वाकूनच उतर."

दोघं वाकूनच उतरले आणि ओळीसमोरून नमस्कार करत करत फाटकाबाहेर गेले. सहा जणांना फक्त चार बूट जाताना दिसले, आणि गिऱ्हाइकाच्या बुटांबद्दल विचारणं कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. समोरच्या थांब्यावरून बस सुटताना फुमिएनं मागे वळून पाहिलं. सहाही पाठी अजून आडव्या होत्या.

दुपारी चारला निशिवाकी नवी गाडी घेऊन दारात हजर झाले. उतरताना त्यांचा हात कमरेवर होता.

"कुरोसाकी-सान, फार मोठी चूक झाली," ते म्हणाले. "सकाळी आपण इतक्या सफाईनं निघालात, आणि आमच्या गडबडीत आपली गाडी आमच्याकडेच राहून गेली."

तोमेजींनी थोडा विचार केला. "असू दे. होतं असं एखादे वेळी."

"तुम्ही एकटेच आलात?" फुमिएनं विचारलं. "आता परत कसे जाणार?"

"बाकीचे पाच जण मलम लावून पडलेत, वहिनी."

"अगं बाई! अहो, यांना स्टेशनपर्यंत सोडून या ना!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तोमेजी गाडीकडे बघत राहिले. निशिवाकी आभाळाकडे बघत राहिले. स्टेशन सात किलोमीटरवर होतं.

"मला चालायला फार आवडतं," निशिवाकी म्हणाले.

ते निघाले, आणि दारात दोघं कमरेत वाकले. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत. पण रस्ता पाण्यानं भरलेल्या भातखाचरांतून दोन किलोमीटर सरळ होता, ना वळण ना झाड. आत फोन वाजू लागला.

"चिआकी असेल," फुमिए जमिनीला म्हणाली.

"वाजू दे. दिसतोय अजून."

निशिवाकींनी एकदा मागे वळून पाहिलं. दोन पिकली डोकी खालीच होती. ते चार पावलं चालले, पुन्हा वळले. मग इकडेतिकडे बघून, बॅग छातीशी धरून ते रस्त्यावरून खाली खाचरात उतरले आणि उकिडवे बसले.

"गेला," तोमेजींनी सुस्कारा टाकला. "देवमाणूस!"

ते गाडीत जाऊन बसले. गिअरच्या मागे, सकाळी त्यांनी पाहिलाच नव्हता अशा एका बारीक खटक्यावर, लाल कागदाची एक टिकली चिकटवलेली होती. शोरूममध्ये विकलेल्या गाडीवर लावतात, तसली. तोमेजींनी खटका दाबला. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली.

"फुमिए, बैस! त्याला गाठू या. स्टेशनवर सोडू!"

अर्ध्या किलोमीटरवर निशिवाकी नुकतेच रस्त्यावर चढले होते. सुटाला मांड्यांपर्यंत चिखल, एका हातात बूट. गाडी येताना दिसताच ते जागच्या जागी वाकले.

"थांबवा ना," फुमिए म्हणाली.

"या अवतारात? आपण पाहिलं म्हणून मरेल तो लाजेनं."

तोमेजींनी मान उजवीकडे वळवली, फुमिएनंही वळवली, आणि पलीकडच्या शेतांचं बारकाईनं कौतुक करत दोघं त्यांच्यासमोरून निघून गेले. मागच्या आरशात निशिवाकी वाकलेलेच होते. पुढे दीड किलोमीटर सरळ रस्ता होता.

"अहो, जरा जोरात घ्या," फुमिए म्हणाली. "बिचाऱ्याची पाठ दुखत असेल."