घुगरीवालीच्या तलावाची फेरी

"भुताले जर माह्या मागं पळता आलं नं, तर त्यालेच भरतीत घेऊन टाका!" अंजूनं चुलीपुढं छाती ठोकून सांगितलं. तिचे वडील देवीलाल हसलेसुद्धा नाहीत.

अंजूला पोलीस भरतीत उतरायचं होतं. उमरखेडचं मैदान लांब, म्हणून तिनं तांड्यामागच्या डोंगराची फेरी धरली. सागवानातून चढ, वर तलावाची पाळ, की पलीकडून उतार. अडचण एकच! त्या तलावात म्हणे जुन्या काळी तांड्यातली एक बाई बुडाली होती. आधी तिच्या कानशिलावरची चांदीची घुगरी वाजते, मग ती दिसते.

"जा," देवीलाल म्हणाले. "पण एक दिवस जरी भिऊन परत आली, तर बूट माळ्यावर. मंग भरतीचं नाव काढायचं नाही."

आजी रामीबाई गप्प होती. ती गप्प असली की काहीतरी करून बसते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ऐन वेळी आठवतं कोणाला!

दुसऱ्या दिवशी उजाडताना दाट धुकं होतं. तांड्यात शेळ्यांच्या घंट्या किणकिणत होत्या. शेवटचं घर मागं पडलं आणि सगळं चिडीचूप झालं. पाखरूही बोलेना.

छुन्.

अंजू थांबली. आवाजही थांबला. तिनं मागं पाहिलं. नुसतं धुकं, आणि सागाचं एक रुंद पान सावकाश खाली येत होतं.

"शेळी असंल," ती मोठ्यानं म्हणाली. उत्तर कोणी दिलं नाही. दिलं असतं तर पंचाईतच होती!

ती पळाली. छुन् छुन्! ती जोरात पळाली. छुन्छुन्छुन्! अगदी मानेशी! घाम गार पडला. कशीबशी ती पाळेवर पोचली. पाणी दिसत नव्हतं, नुसतं काठ चाटताना ऐकू येत होतं. आणि त्या काठावरून काहीतरी पांढरं, बिनतोंडाचं, हळूहळू उभं राहिलं.

"याडीऽऽ!"

आईच्या नावाची ही किंकाळी दोघांतली कोणाची, यावर तांड्यात अजून वाद आहे. पांढरं ते उताराला लागलं. घराची वाटही तीच! मागं घुगरी, पुढं पांढरं. पुढचं निदान लांब तरी पळत होतं, म्हणून अंजू त्याच्या मागं सुटली.

"सोड मले, बाई!" पांढरं ओरडलं.

"तूच सोड मले!" अंजू ओरडली.

दोघंही थेट देवीलालच्या अंगणात येऊन कोसळली. थंडीसाठी डोक्यावरून घेतलेली पांढरी चादर सरकली. आतून शंकरसिंगकाका निघाले! तांड्यातलेच, नातवंडं झालेले म्हातारे, तलावावर लोटा घेऊन बसायला गेले होते.

"घुगरी... माह्या मागं... घुगरीवाली!" काका धापा टाकत म्हणाले. सगळा तांडा गोळा झाला.

रामीबाई शांतपणे पुढं आली. तिनं अंजूच्या जॅकेटची टोपी उलटी केली, दातानं टाका तोडला आणि आतून चांदीची घुगरी काढली.

"माहीच हाय. रातच्याला शिवली. घुगरी घातलेल्या बाईले ती तलावातली आपली समजते, धरत नाही."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर फेकली असती तू."

देवीलालांनी अंजूच्या बुटांकडं पाहिलं. आता बूट गेले, की भरती गेली!

"मी भिली नाही, बा! मी तर काकाले धराले पळत होती. पोलीस चोराले धरते तशी!"

"मंग धरलं का?"

अंजूनं काकांच्या पायांकडं पाहिलं. एका पायात तुटकी रबरी चप्पल, दुसरा अनवाणी.

"...नाही."

देवीलालांनी दाढी खाजवली. "बूट राहू दे," ते शेवटी म्हणाले. "उद्यापासून काका पुढं, तू मागं. काकाले गाठलं, की भरतीले जा."

काका घोटभर पाणी प्याले. "पळीन मी. पण रामीबाई, ती घुगरी पोरीच्या टोपीत परत शिवून दे. तिच्या आवाजाबिगर माहे पाय उचलत नाहीत."