हेमचंद्र सरांची तापणारी फरशी

“यंदा आक्का होळीपर्यंत जागची हलणार नाही! लिहून ठेवा!” असं हेमचंद्र सरांनी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं, तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये नव्या फरश्या बसत होत्या. साध्यासुध्या नव्हेत! खाली विजेच्या तारा अंथरलेल्या, भिंतीवर एक पांढरा डबा. बटण दाबलं की फरशी गरम! अगदी पोळी भाजण्याइतकी नव्हे, पण तळपायांना गुदगुल्या होतील इतपत नक्कीच.

हा सगळा खटाटोप आक्कांसाठी. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण यमुनाबाई. सिल्लोडला एकट्या राहायच्या. खुर्ची, सोफा, पलंग यांच्याशी त्यांचं जन्माचं वैर. जेवण जमिनीवर, जप जमिनीवर, भाजी निवडणं जमिनीवर! दर हिवाळ्यात सर त्यांना संभाजीनगरला आणायचे आणि दर हिवाळ्यात त्यांचे गुडघे बोंब मारायचे. “तुझी फरशी म्हणजे बेडकाचं पोट रे, हेमा!” असं म्हणून आक्का परतीची एसटी धरायच्या.

सरांचा जन्म विज्ञान शिकवण्यात गेलेला. त्यांनी नात हिमानी आणि तिच्या मैत्रिणींना गोळा केलं. “बाळांनो, हा डबा म्हणजे या खोलीची कातडी. हवा गार झाली की त्याला कळतं, मग तो तारांना वीज सोडतो. हवा गरम झाली की बंद. सोपं आहे की नाही?” पोरी फरशीवर लोळून म्हणाल्या, “मस्त आहे, आजोबा!”

आणि आक्का आल्या.

“हेमा, घरात नवं यंत्र आणलंस आणि पूजा नाही?” त्यांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि त्याच्या बरोब्बर खालच्या फळीवर समई लावली. सरांचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत त्यांचे पायही भरून आले. गारठ्यानं! फरशी थंडगार!

सर डब्यापुढं उभे राहिले. आकडा होता बत्तीस.

“खोली गरम आहे! उपकरण खोटं बोलत नाही. थंडी हा मनाचा खेळ आहे!” सरांनी जाहीर केलं.

“मग तुम्ही कानटोपी का घातलीय?” मनस्विनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शालीतून विचारलं.

सरांनी तारा बसवणाऱ्या राजकुमारला फोन लावला.

“सर, डबा काय बोलतोय?”

“बत्तीस.”

“बत्तीस? फिर तो पंखा लगाओ ना, सर!”

सरांनी बटणं दाबली, वीज बंद करून पुन्हा चालू केली, माहितीपुस्तिका पाठ केली. फरशी ढिम्म! “डब्यातल्या देवीला कमी पडतंय बहुतेक,” म्हणत आक्कांनी समईत आणखी वाती घातल्या. आकडा चढला छत्तिसावर. फरशी आणखी गार! सर डब्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेनं बघत होते, समईकडं मात्र भावाच्या. तिथंच सगळं अडलं होतं.

शेवटी आक्कांनी पिशवी भरली. “उद्या निघते. वाईट वाटून घेऊ नको, हेमा. तुझ्या मायेत खोट नाही, फरशीत आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, निघण्याआधी, समई लावून आक्का मनस्विनीबाईंबरोबर गुलमंडीच्या बाजारात गेल्या. सिल्लोडच्या शेजारणींसाठी काही घ्यायचं होतं. घरात सर एकटे. त्यांनी शेवटचा प्रयोग मांडला. तारांत वीज आली तर बारीक गुणगुण ऐकू येईल! ते फरशीवर आडवे झाले. गारठू नये म्हणून गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली. गार फरशीवर बसून बसून सर्दी झाली होती, म्हणून नाकात निलगिरीचे बोळे होतेच. गुणगुण ऐकता ऐकता सरांना झोप लागली.

इतक्यात वरच्या मजल्यावरचे शिवराज पाण्याच्या टँकरचं विचारायला आले. दार उघडं होतं. त्यांनी पाहिलं. जमिनीवर सर. पांढरी चादर. नाकात कापूस. बाजूला समई!

शिवराजनी चपला काढल्या, हात जोडले, आणि रीतीप्रमाणं समई उचलून सरांच्या डोक्याशी आणून ठेवली. मग सोसायटीला फोन केले.

बघता बघता हॉल भरला.

“लई देवमाणूस हो!”

“व्हय. पण प्रश्न विचारायची सोय नव्हती. तासभर सुटका नाय!”

“आता शांतता आहे.”

“कुणाला? त्यांना का आपल्याला?”

इकडं समई हलल्यामुळं डबा निवला. टक्! थोड्या वेळानं सरांजवळ बसलेले एक काका चुळबुळले. “अहो, अंग अजून गरम लागतंय!”

“अंग नाही, काका, फरशी गरम आहे!”

“तापली?” सर ताडकन उठून बसले. “तापली! तापली!!”

एकच किंकाळी उठली! बायका सोफ्यावर चढल्या, काका दुसऱ्याच्या चपला घालून जिन्यात पोहोचले. आणि त्याच जिन्यातून आक्का आणि मनस्विनीबाई धावत वर आल्या. दारातला चपलांचा ढीग पाहून दोघींचा जीव उडाला होता. सर धडधाकट दिसले, मग आक्कांना समई दिसली.

“कुणा मेल्यानं हा दिवा माझ्या भावाच्या डोक्याशी ठेवला?”

शिवराज पडद्यामागं गेले. आक्कांनी समई उचलली आणि थेट देवघरात नेली. “या खोलीत पुन्हा दिवा लागणार नाही!” म्हणत त्या परत आल्या, धपकन जमिनीवर बसल्या. तळहात फरशीवर फिरवला.

“अगं बाई! ऊब!”

सरांनी डबा पाहिला, रिकामी फळी पाहिली. डोक्यात लख्ख उजेड पडला!

“आजोबा, फरशी आज कशी काय तापली?” शाळेतून नुकत्याच आलेल्या हिमानीनं विचारलं.

“त्याचं असं आहे, बाळा, समईच्या—”

सरांचं लक्ष आक्कांकडं गेलं. पाय लांब करून, डोळे मिटून त्या हसत होत्या. त्यांच्या भक्तीनंच फरशी विझत होती, हे ऐकलं तर त्या भरलेली पिशवी उचलतील! सरांनी विज्ञान गिळलं.

“कशी काय म्हणजे?” आक्काच म्हणाल्या. “कोंबडी अंड्यावर बसते तशी माझ्या भावानं आडवं पडून ऊब दिली. त्याशिवाय जमीन जागी होते का?”

“बरोबर, आक्का,” सर क्षीण आवाजात म्हणाले.

आक्का राहिल्या. पिशवी माळ्यावर गेली. आता रोज संध्याकाळी हाक येते, “हेमा, आडवा हो!” आणि सर निमूटपणे चादर पांघरून फरशीवर पडतात.

फक्त त्याआधी दाराला कडी लावतात.