परत येण्याचा सज्जड पुरावा

जो माणूस अजून गेलेलाच नाही, तो परत येईल की नाही हे आधी ठरवून टाकणं, ही सुधारलेल्या जगाची पहिली खूण आहे. आपल्याकडे सगळा उलटा कारभार. माणूस आधी जातो, मग घरचे वाट पाहतात, मग काळजी करतात, मग ज्योतिषाकडे जातात. अमेरिकेने हे सुलटं करून ठेवलं आहे. तिथे पर्यटक म्हणून जायचं असेल तर परत येण्याचा पुरावा निघण्याआधीच द्यावा लागतो. हे धोरण मला मनापासून पटतं. मी एकतीस वर्षं असोद्याचा पोस्टमास्तर होतो. पत्त्यावर माणूस नसला की पत्र परत पाठवण्यात माझी हयात गेली. 'परत' या शब्दाचं मोल मला कोणी शिकवायला नको.

निवृत्त झाल्यापासून मी गावाचे अर्ज लिहितो. (फी घेत नाही. उपदेश सोबत देतो.) एक्याण्णव साली आखाजीचा सण झाला आणि केळीबागवाल्या सुपडूभाऊंची कोकिळा माझ्या ओट्यावर येऊन बसली.

कोकिळेचं लग्न अठ्ठ्याऐंशी साली नशिराबादच्या लीलाधरशी झालं. लीलाधर तिकडे असतो. (तिकडे म्हणजे अमेरिका. असोद्यात दुसरं 'तिकडे' नाही.) लग्नाला आला, अठरा दिवस राहिला आणि गेला. जाताना म्हणाला, कागद टाकतो, वर्षभरात बोलावून घेतो. कागद त्याने टाकला, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याकडे तिकडे कायम राहायचा परवाना आहे, तो तिकडचा नागरिक नाही. आणि अशा माणसाच्या बायकोने रांगेत उभं राहायचं असतं. पुढच्या आखाजीला पोर माहेरी आली तेव्हा सासरा म्हणाला, "आता नंबर लागेलच, तोवर राहू द्या तिकडेच." (इथे तिकडे म्हणजे असोदा.) त्याला दोन वर्षं झाली. नंबराला अजून दोन-तीन वर्षं आहेत असं कळत होतं.

सोयरीक जमवताना आमच्याकडे पोरीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात. आम्हीही गेलो होतो, नशिराबादला, अकरा जण. विहिरीत डोकावलो, बैलांचे दात पाहिले, शेवभाजी हाणली आणि पसंती कळवली. पोर जिथे राहणार होती ते घर सातासमुद्रापलीकडे असल्यामुळे तेवढं पाहायचं राहिलं. बैलांचे दात मात्र उत्तम होते.

आता थोडी आकडेवारी. लीलाधरची पत्रं पहिल्या वर्षी बावन्न, दुसऱ्या वर्षी सत्तावीस, तिसऱ्या वर्षी पंधरा. (मी कोणाची पत्रं वाचत नाही. परदेशी पत्र चिकटवलेलं असतं.) फोटो वर्षाला एक. पहिल्या वर्षी लीलाधर आणि मागे मोटार. दुसऱ्या वर्षी मोटार आणि मागे लीलाधर. तिसऱ्या वर्षी नुसती मोटार. सुपडूभाऊ म्हणाले, फोटो काढणारा लीलाधरच असणार, म्हणून तो दिसत नाही. बापाचं मन आहे, मी वाद घातला नाही.

"नाना," कोकिळा म्हणाली, "नंबर लागला की मले कायमचं जावं लागीन. त्याच्या आंधी एकडाव जाऊन पाहून येते. घर पाहून येते, मानूस पाहून येते. दोन महिन्यात वापस."

मागणी सरळ होती, म्हणजे सरकारदरबारी अवघड होती. पर्यटकाच्या अर्जात एक प्रश्न असा, की तुमच्यासाठी कोणी तिकडे कायम राहायचा कागद टाकला आहे काय? मी म्हटलं, ही जागा कोरी सोडू, शाई उडाली म्हणू. कोकिळा म्हणाली, "टाकला हाये तं 'हो' लिहा." मी 'हो' लिहिलं. त्या एका अक्षराने आमचे दोन अर्ज समोरासमोर उभे ठाकले. पहिल्या फाइलीत असं, की ही बाई पतीवाचून राहू शकत नाही, तरी तिला कायमची येऊ द्यावी. दुसरीत असं, की ही बाई पतीला भेटून साठ दिवसांत त्याला सोडून येईल, तरी तिला तात्पुरती येऊ द्यावी. पहिली मीच लिहिली होती, दुसरीही मीच लिहीत होतो, आणि दोन्ही खरं सांगत होत्या. कारकुनीत असा योग हयातीत एकदा येतो.

पहिल्या फाइलीसाठी सरपंच पितांबरभाऊंनी दाखला दिला होता: 'पतीविना क्षणभर राहू शकत नाही.' आता त्यांच्याच शिक्क्याचा दुसरा दाखला हवा होता: 'माहेराविना क्षणभर राहू शकत नाही.' पितांबरभाऊ एरवी न वाचता सही करतात, म्हणून तर तीनदा निवडून आले. नेमका हा कागद त्यांनी वाचला.

"नाना, पोरगी मग राहते तरी कुठं?"

"तेच तर सरकारला ठरवायचं आहे," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

दुसऱ्या फाइलीत मी परत येण्याची कारणं जोडली: आईवडील, तीन हजार केळीची खोडं (वडिलांच्या नावे), भरताच्या वांग्यांचा वाफा (तिच्या हातचा), शिवणाचा अर्धवट क्लास, एक गाभण म्हैस. कोकिळेची धुळ्याची मावशी शेवंताबाई भेटायला आली होती. तिने सगळे कागद हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाली, "पोर आठे शे, जवाई तठे शे, आनि कागद बठ्ठा मुंबईले चालनात. पोरले कोनी काही इचार का?" (धुळ्याकडे आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे आणि बठ्ठा म्हणजे सगळे.) अडाणी बाई. कार्यालयीन कामात भावनेला जागा नसते, हे तिला मी शांतपणे समजावलं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

तरीही फाइल मला पातळ वाटत होती. वांग्याच्या वाफ्यावर कोणी साहेब विश्वास ठेवील का? आणि मग आठवली झुलालआबांची भिंत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी सासरवाशीण माहेरी पाहिजे म्हणजे पाहिजे. झोके, गाणी, पुरणपोळी, आमरस, सगळं तिच्यासाठी. तिला आणायला जो माणूस जातो तो मुराळी. असोद्यात ज्या घरी भाऊ नाही, किंवा भावाला सवड नाही, त्या घरचे मुराळी झुलालआबा. छप्पन सालापासून पस्तीस वर्षं, आधी बैलगाडीने, नंतर एसटीने. आबांना अक्षर येत नाही, पण हिशेबात चोख. पोर माहेरी आणली की गोठ्याच्या भिंतीवर गेरूची एक उभी रेघ. आठ दिवसांनी सासरी पोचवली की तिच्यावर एक आडवी.

मी दोन दिवस गोठ्यात बसून उभ्या रेघा मोजल्या. चारशे बारा! पस्तीस वर्षांत बोलावलेली एकही पोर आली नाही असं झालं नाही. पूर, प्लेग, पोटपाणी, काही आड आलं नाही. (प्लेग मी वजनासाठी घातला.) मी निवेदन लिहिलं: 'असोदा येथील विवाहित कन्या कोठेही गेली तरी आखाजीस माहेरी परत येतेच. प्रमाण शेकडा शंभर. सबब अर्जदार पुढील आखाजीपूर्वी परत येणे अटळ आहे.' आबांचा अंगठा घेतला. जळगावहून फोटोग्राफर आणून भिंतीचा मोठा फोटो काढला. त्यात म्हशीचं तोंड आलं. म्हशीचा या अर्जाशी संबंध नाही, असं प्रतिज्ञापत्र मी वेगळं जोडलं.

इतका सज्जड पुरावा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत त्यापूर्वी कोणी दिला नसेल, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मग तोंडी परीक्षेची तयारी. साहेब विचारणार, परत येशील का? उत्तर, होय साहेब, नक्की येईन. हे मी कोकिळेकडून सत्तर वेळा घोकून घेतलं. सुपडूभाऊ, कोकिळा आणि मी रेल्वेने मुंबईला गेलो. आत फक्त अर्जदाराला सोडतात. आम्ही दोघे समोरच्या झाडाखाली कळण्याची भाकरी खात बसलो. तासाभराने पोर बाहेर आली. हातात पासपोर्ट आणि एक छापील चिठ्ठी: परत येण्याबद्दल आमची खात्री पटलेली नाही.

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. चारशे बारा रेघांनी खात्री पटत नाही? मग काय कुंभकर्ण उठवून साक्षीला आणायचा होता?

आत जे झालं ते कोकिळेने गाडीत सांगितलं. साहेबाजवळ मराठी सांगणारी एक बाई होती. साहेबाने वांगी, खोडं, दाखले सगळं बाजूला केलं आणि फोटो उचलला. आधी म्हशीकडे पाहून हसला. मग विचारलं, "या उभ्या रेघा कसल्या?"

"आखाजीले पोर माहेरी आनली त्याची."

"आणि आडव्या?"

"सासरी पोचवली त्याची."

"म्हणजे सगळ्या नवऱ्याकडे गेल्या?"

"गेल्या."

साहेबाने फोटो डोळ्याजवळ नेला. "ही एकच रेघ उभी आहे. आडवी नाही."

"ते मी हाये," कोकिळा म्हणाली.

घ्या! चारशे बारा पोरी आणल्या हे मी मोजलं. त्यातल्या चारशे अकरा नवऱ्याकडे पोचवल्या, हे मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमचाच कागद, आमचाच अंगठा, आणि त्यातून सिद्ध काय झालं? असोद्याची बाई माहेरी आठ दिवस राहते आणि नवऱ्याकडे जन्मभर. साहेबाने सगळं बरोबर वाचलं. वाचता येणारा माणूस खुर्चीत असला की असा घात होतो.

"पन तरी त्यानं इचारलं," कोकिळा म्हणाली. "फोटो खाली ठेवला आन् इचारलं, तुम्हाले वापस यायचं हाये का?"

"मग? सत्तर वेळा घोकलेलं तू—"

"मी म्हटलं, आंधी जाऊन पाहते, मंग सांगते."

मी कपाळावर हात मारला. माझं डोकं फिरलं, आणि मी भर डब्यात तिला झापलं. "अगं, एक 'हो' म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" बाप शेजारीच बसला होता. तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

"नाना," ती म्हणाली, "मले आजलोक हे कोनी इचारलंच नव्हतं. एकदम कसं सांगू?"

पुढचा सगळा प्रवास मी रेल्वेच्या कारभारावर टीका करत काढला.

गावी आल्यावर कोकिळा थेट गोठ्यात गेली. मीही मागोमाग, पुरावा कुठे चुकला ते पाहायला. आबा म्हशीला पेंड घालत होते.

"आबा," तिने भिंतीकडे हात केला, "याच्यातल्या कितीक जनींले परत जायचं होतं?"

आबांना प्रश्नच कळेना. "ते कोन इचारते माय? मी गाडी जुपली, त्या बसल्या. रडल्या मंग. पोरी तं रडतातच." मग त्यांनी भिंतीवरच्या एका रेघेवर बोट ठेवलं. "एक नाल्याजोळ उतरली होती गाडीतून. म्हने, आबा, मी नाही जात. मी समजावली, पोचवली. तिची आडवी रेघ वाकडी आली."

ती वाकडी रेघ मी मोजताना पाहिली होती. तिला वेगळा शेरा दिला नव्हता. तेव्हा ती मला गेरू ओघळल्यासारखी वाटली होती.

कोकिळेने त्याच आठवड्यात तिकडे पत्र टाकलं. पत्र मी वाचलं नाही, तिनेच वाचून दाखवलं. नंबर लागला तरी घर आणि माणूस पाहिल्याशिवाय मी निघणार नाही. मला येऊ देत नाहीत, तर तुम्ही या आणि स्वतःला दाखवून जा. पुन्हा नुसत्या मोटारीचा फोटो पाठवू नये. त्या पत्राला उत्तर यायचं आहे. भिंतीवरची तिची रेघ उभी आहे, आणि आबांनी गेरूची वाटी उचलून माळ्यावर ठेवून दिली आहे.

मी मात्र हातपाय गाळणारा माणूस नाही. साहेबाचा प्रश्न मला कार्यालयीन दृष्ट्या फार आवडला. मी जळगावला जाऊन एका प्रश्नाचा फॉर्म छापून आणला, चारशे अकरा प्रती. 'सासरी परत जायचे आहे काय? (होय / नाही / आधी पाहून सांगते.)' आखाजीला पोरी येतात तेव्हा प्रत्येक घराने एक न्यावा, पोरीकडून भरून घ्यावा, अशी दवंडी दिली. फॉर्म फुकट.

आजवर नेलेले फॉर्म: दोन. एक पितांबरभाऊंनी शेव बांधायला नेला. दुसरा मी घरी नेला. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि आमच्या बेबाबाईंना आणायला माहेरचा मुराळी आला की आठव्या दिवशी मी स्वतः त्यांना घ्यायला जातो. शिस्त म्हणजे शिस्त. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि पेन मागितलं.

"भरते," त्या म्हणाल्या, "पण भरल्यावर तुम्ही वाचणार का?"

मी पेन शोधायला म्हणून उठलो. पेन माझ्या खिशातच होतं, ते अजून तिथेच आहे.

चारशे नऊ फॉर्म शिल्लक आहेत. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, साहेबाला हसलात, आम्हाला हसलात, म्हणजे विषयाची गोडी आहे. तुमच्या घरी किती बायका आहेत तेवढं एका कार्डावर कळवा, तितके टपालाने पाठवतो. पेन तुमच्याकडे असेलच.