'लाकूड ते द्रव्य' या ग्रंथाच्या सुटकेची हकीकत

विदित व्हावे की, सार्वजनिक वाचनालयाचे दुसरे मजल्यावर दोन कपाटांचे दरम्यान, बारा पावलांच्या मुलखासाठी जी मोहीम जाहली, तिची ही हकीकत खात्रीलायक असे. लिहिणाराने कोणाची भीड धरिली नाही आणि पदरचे घातले तेही थोडके.

मोहिमेचे कारण ऐसे जे, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका, विद्यामंडित, वादपटू बाईसाहेब यांणी सत्तावीस वर्षे शर्थ करून एकच ग्रंथ सिद्ध केला. त्यातील मजकूर की, जगातील यच्चयावत वस्तू कशाच्या, हे सांगावयास ग्रीक आचार्यांस शब्द सापडेना, मग त्यांणी लाकडाचा शब्द उसना घेतला आणि द्रव्यास लाविला. आचार्य गेले आणि मागे भाष्यकारांची फौज उतरली आणि तिणे सवाल केला की, वस्तूचा रंग, वास, घाट सर्व काढिला तर खाली काय उरते? कोणी म्हणाले, नुसती काहीतरी होण्याची तयारी. एका हट्टी भाष्यकाराने लिहिले, लांबी, रुंदी, उंची उरते. मग हजार वर्षांनी नवे तत्त्वज्ञ आले आणि त्यांणी तीच लांबी-रुंदी-उंची म्हणजे द्रव्य ऐसा पुकारा केला आणि भाष्यकाराचे नावही घेतले नाही. हा अन्याय बाईसाहेबांचे जिव्हारी लागला होता. ग्रंथास नाव दिले 'लाकूड ते द्रव्य'.

पुढे वाचनालयात हुकूम लागला की, पाच वर्षांत कोणी न नेलेली पुस्तके सोमवारी काढून टाकावी. ही खबर नणंदेने आणिली आणि बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. कारण प्रकाशक केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता आणि घरच्या प्रती वाळवीने फस्त केल्या होत्या. वाचनालयातील प्रत गेली तर सत्तावीस वर्षे पुसली जाणार होती.

मग शनिवारी सकाळी कूच जाहले. आघाडीस खासा बाईसाहेब आणि पिछाडीस नणंद, गुडघ्यांपायी जिन्यात तीन मुक्काम करीत. तत्त्वज्ञानाचे कपाट वरपासून खालपर्यंत धुंडाळिले आणि ग्रंथ न सापडला, तेव्हां बाईसाहेब मटकन स्टुलावर बसल्या.

"वहिनी, रडू नका हो. आधी विचारू तरी," ऐसा धीर नणंदेने दिला.

मग ग्रंथपालबाईंकडे वकिली जाहली. त्यांणी संगणकात पाहून सांगितले, "'लाकूड' ना? सुतारकामात लावलंय. नावावरूनच लावलं ते."

हे ऐकून बाईसाहेबांचे तळपायाची आग मस्तकी गेली आणि त्यांणी फर्माविले की, ग्रंथ आत्ताचे आत्ता तत्त्वज्ञानाचे कपाटी रुजू करावा.

"करते की. पण त्या कपाटातलं एकही पुस्तक पाच वर्षांत हललेलं नाही, बाई. सगळं कपाटच सोमवारी जातंय. तुमचं मात्र चौदा वेळा गेलंय."

"चौदा? कोण नेतं?"

"एक सुतारकाका आहेत. परत करतात आणि पुन्हा नेतात."

बाईसाहेब नामोहरम जाहल्या. मग ग्रंथपालबाईंसह सुतारकामाचे कपाटी जाऊन ग्रंथ उघडिला, तो समासात सर्वत्र पेन्सिलीची बारीक अक्षरे. पान अठ्ठ्याऐंशी: 'बरोबर. रंग जातो, वास जातो. रंधा मारून मारून भुसा केला तरी भुशाला पोतं लागतंच.' पान एक्याण्णव, जेथे बाईसाहेबांनी हट्टी भाष्यकाराची बाजू हिरिरीने लढविली होती: 'चूक. नुसत्या लांबी-रुंदी-उंचीत खिळा बसत नाही. खिळ्याला अडवणारं काहीतरी लागतं.'

बाईसाहेब ते वाक्य तीनदा वाचत्या जाहल्या. नणंदेने विचारिले, काय लिहिलेय मेल्याने? ग्रंथ निघाल्यापासून परीक्षक जाहले, परिषदा जाहल्या, शाली जाहल्या, परंतु ग्रंथाशी कोणी भांडले नव्हते, आणि भांडल्यावाचून कोणी वाचला हे कळावे कैसे? मग बाईसाहेबांनी नणंदेचे पिशवीतून पेन्सिल मागितली. पुस्तकांत लिहू नये ऐसा फलक समोरच होता, सबब ग्रंथपालबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. समासात सुतारकाकांचे अक्षराखाली बाईसाहेबांनी लिहिले, 'मान्य. माझंच चुकलं. पान १४० बद्दल काय म्हणता?'

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. ग्रंथ सुतारकामाचे कपाटी कायम राहिला, पान एक्याण्णव सुतारकाकांनी सर केले, आणि बाईसाहेब पराभव पावून हसत हसत जिना उतरल्या, हे दफ्तरी नमूद असावे.