बोरकुटे सरांचा व्हेटो

आमच्या शेजारच्या बोरकुटे सरांच्या चहात दुसरा चमचा साखर घालायला गेलं, की ते कपावर हात आडवा धरून ओरडतात, "व्हेटो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातून चमचाच पडला.

सर नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. पत्नी गेल्यावर मुलगा निखिल त्यांना आयर्लंडमधल्या डून लेरीला, समुद्राकाठी, घेऊन आला. निखिल दिवसभर बॉल्सब्रिजच्या ऑफिसात असतो आणि मी घरून काम करतो, त्यामुळे दुपारचे सर माझ्या वाट्याला येतात. विषय एकच : अमेरिका म्हणजे सूट घातलेलं रोम. सिनेट रोमचं, कॅपिटॉल हे नाव रोमच्या टेकडीचं, गरुड रोमन फौजेच्या निशाणावरचा, नाण्यावर लॅटिन. "आणि ते खांब! कोर्ट असो का बँक, खांबांशिवाय अमेरिकन माणसाला चैन पडत नाही. इकडं मात्र रोमन राज्य करायला आलेच नाहीत, पुणेकर. म्हणून रस्ते हे असे वाकडे." मी पुण्याचा, म्हणून मला ते कधी नावाने हाक मारत नाहीत. नागपुरात तरी रोमन कधी आले होते, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

रोज चार वाजता आम्ही धक्क्यावर फिरायला जातो. कुत्रा फिरवणाऱ्या एक आयरिश आजी हमखास विचारतात, "काय म्हणतंय सिनेट?" सर इथल्या लोकांसारखंच ऐटीत सांगतात, "ग्रँड, ग्रँड." मग बाकावर बसून समुद्राकडे टक लावतात. "पलीकडे अमेरिका."

एकदा मी मोबाइलवर नकाशा दाखवला. समोर वेल्स होतं. अमेरिका आमच्या पाठीमागे, अख्खं आयर्लंड ओलांडून. सरांनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाले, "व्हेटो!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बाक, तीच दिशा. हा किस्सा मी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितला.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी धक्क्यावर पोचलो, तर सर समुद्राकडे पाठ करून उभे. हातात चिठ्ठी, तिच्यावर निखिलच्या अक्षरात एक फोन नंबर.

"शलाकाचा आहे. माझ्या पोरीचा. तिला मुलगी झाली म्हणते निखिल. आठवडा झाला, खिशात घेऊन फिरून राहिलो."

सरांना मुलगी आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

शलाका शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करते म्हणाली. सरांनी मनाई केली. तिने लग्न केलं. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद, आणि तेव्हापासूनच सर त्या देशाबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

"व्हेटो रोमचा, पुणेकर. एक माणूस नाही म्हणाला, की खेळ खलास. अमेरिकनांनी तो उचलला, पण त्यावर तोड काढून ठेवली. दोन तृतीयांश लोक विरुद्ध गेले, की अध्यक्षाचा व्हेटो रद्द." त्यांनी चार बोटं दाखवली. "आमच्या घरात आम्ही चौघं. पोरगी, तिची आई, निखिल, तिघांनी हात वर केले. मी एकटा. नियमानं माझा व्हेटो तेव्हाच पडला होता. मी मानलं नाही. तिची आई वाट पाहून पाहून गेली."

मला माझ्या त्या नकाशाच्या किश्श्याची लाज वाटली. "लावू का फोन?" मी विचारलं.

त्यांनी चिठ्ठी दिली. सरांना कमी ऐकू येतं, म्हणून मी नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला. अमेरिकेत सकाळचे अकरा वाजले होते. पलीकडून इंग्रजीत हॅलो आलं. सर फोनजवळ वाकले.

"हॅलो?" पुन्हा आवाज आला. मग अगदी हळू, "बाबा?"

सर म्हणाले, "शलाका, तुमच्या गावच्या कोर्टाला खांब किती आहेत गं?"

रडू आवरत ती म्हणाली, "कधी मोजले नाहीत, बाबा. जाऊन मोजते. उद्या परत फोन कराल?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. सरांनीही केला.